लक्ष्मीपूजनाची वर्दी

पुण्यातल्या एका अग्निशमन केंद्रावरच्या तांडेलाचा, म्हणजे गाडीवरच्या जवानांच्या म्होरक्याचा दिवस, पहाटेच्या अंघोळीपासून मध्यरात्रीच्या नोंदवहीपर्यंत.

पहाटे ५

नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं की आमच्या घरी अंघोळीला नंबर लावावे लागतात. मला ड्यूटीवर जायचं असतं, म्हणून पहिला नंबर माझा. तेल, उटणं, कारीट. मग मुलं, मग बायको, शेवटी आई. लागोपाठ एवढ्या अंघोळी म्हणजे गॅस गिझर तासभर चालू. बऱ्याच घरांत तो बाथरूमच्या आतच बसवलेला असतो. थंडी म्हणून खिडकी बंद आणि दाराला आतून कडी. अशा कोंदट जागेत गॅस जळायला हवा पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, गरगरतं, आणि माणूस समजतो की झोप पुरी झाली नाही. त्यानंतर कडी काढायचंही भान राहत नाही.

आमचा गिझर ड्राय बाल्कनीत आहे, आत फक्त पाण्याचा पाइप येतो. ज्यांचा आत आहे त्यांनी तो बाहेर काढून घ्यावा. तोवर बादली भरायची, गिझर बंद करायचा, खिडकी उघडायची आणि मग अंघोळीला जायचं. कडी लावायची नाही.

आईचा नंबर मुद्दाम शेवटी, उजाडल्यावर. तोवर फरशीवर तेलाचा थर बसलेला असतो. आधी साबणाने फरशी घासायची, रबरी मॅट टाकायची, मगच तिला आत सोडायचं. ती दरवर्षी म्हणते, "मला काय धाड भरलीय?" म्हणू दे.

सकाळी ८

दिवाळीत आमच्या रजा बंद. हजेरी झाली की रात्रपाळीकडून गाडी ताब्यात घ्यायची. टाकी काठोकाठ भरलेली आहे का, पंपाचं प्रेशर येतं का, होजच्या गुंडाळ्या कोरड्या आणि जागच्या जागी आहेत का, नोझल, शिडी, दोर, कटर. बी.ए. सेट, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायचं सिलिंडर, एकेक उघडून त्याचा काटा पाहायचा. एरवी हे झटपट उरकतं. आज सावकाश करतो, कारण संध्याकाळनंतर गाडी केंद्रावर येईलच असं नाही. एका वर्दीवरून परस्पर दुसरीकडे जावं लागतं.

आमचे चालक काका त्याआधीच पेठेतल्या गल्ल्यांमधून दुचाकीवर चक्कर मारून आलेत. कुठे मांडव आहे, कुठे फटाक्यांचा स्टॉल रस्त्यावर आलाय, कुठे पाहुण्यांच्या गाड्या दोन्ही बाजूंनी लागल्यात, हे सगळं त्यांच्या डोक्यात. "त्या बोळात आज मोठी गाडी शिरणार नाही," ते सांगतात. मग तिकडची वर्दी आली तर लहान गाडी पुढे काढायची, हे सकाळीच ठरतं.

सकाळी १०

मागच्या सोसायटीचे सेक्रेटरी दारात. "साहेब, पाच मिनिटं या हो. आमचं कुणी ऐकत नाही, युनिफॉर्म पाहिला की ऐकतील."

याच सोसायटीत आम्ही एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक दिलं होतं. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. तेव्हा प्रात्यक्षिकाला वॉचमन, दोन आजोबा आणि सायकलवरची पोरं एवढीच हजेरी होती. आज सेक्रेटरींना घाई आहे.

मी वरून खाली येतो. गच्चीच्या दाराला कुलूप. किल्ली चेअरमनकडे, आणि चेअरमन कोकणात. खालच्या मजल्यावर काही पेटलं तर जिना धुराने भरतो, वरची माणसं गच्चीकडे पळतात आणि कुलपाशी अडकतात. किल्ली वॉचमनकडे ठेवा, किंवा दाराशेजारी काचेच्या पेटीत. अग्निशामक सिलिंडरांपैकी एकाचा काटा लाल भागात गेलाय. होज बॉक्समध्ये कुणीतरी झाडू आणि फिनेल ठेवलंय. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे ज्या इमारतींना ही यंत्रणा सक्तीची आहे त्यांनी ती चालू स्थितीत असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचं असतं. "ते फाइलला आहे," सेक्रेटरी म्हणतात. फाइलीतून पाणी येत नाही.

खरी गोष्ट जिन्यात दिसते. प्रत्येक मजल्यावर जुनी गादी, टीव्हीचा थर्माकोल, कूलरचं खोकं, वर्षभराची रद्दी. "हे कधी आलं?"

"दिवाळीची साफसफाई झाली ना सगळ्यांची."

हीच दरवर्षीची गत. घर लख्ख होतं, पण निघालेला पसारा घराबाहेर जातच नाही. तो जिन्यात आणि गॅलरीत येऊन थांबतो. भंगारवाला भाऊबीजेनंतर येणार असतो. मधले चार-पाच दिवस, म्हणजे नेमके फटाक्यांचे दिवस, पेटेल असं सगळं सामान इमारतीच्या बाहेरच्या कडेला रचलेलं असतं.

दुपारी १२.१५

पहिली वर्दी. स्वयंपाकघरात आग. पोहोचेपर्यंत ज्वाळा विझलेल्या, घरात काळा धूर. ओट्यावर सोऱ्या, त्यात चकलीचं पीठ तसंच. बाई कुरिअर घ्यायला दारापर्यंत गेल्या, तेवढ्यात कढईतलं तेल पेटलं. मुलाने हाताला लागला तो पाण्याचा तांब्या ओतला.

पाणी तेलापेक्षा जड. ते कढईच्या तळाशी जातं, तिथे क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती पेटतं तेल घेऊनच वर उसळते. इथे ते टाइल्सवर, खिडकीच्या पडद्यावर आणि चिमणीपर्यंत उडालं होतं. चिमणीची जाळी तेलाने चिकट झालेली, तिनेही पेट घेतला. फराळ करण्याआधी ती जाळी गरम पाण्यात सोडा घालून धुतली असती तर नुकसान निम्म्यावर आलं असतं. डबे घासले होते, जाळी राहिली होती.

तेल पेटलं तर गॅस बंद करायचा आणि कढईवर मोठं झाकण किंवा परात बाजूने सरकवायची. कढई उचलायची नाही, मोरीकडे न्यायची नाही. झाकण लगेच काढायचं नाही, तेल पूर्ण निवू द्यायचं. तेलातून धूर यायला लागला की ते पेटण्याच्या बेतात आहे. त्या वेळी ओट्यासमोर माणूस हवं.

बाईंच्या हातावर कुणीतरी टूथपेस्ट फासली होती. आधी बांगड्या काढायला लावल्या, कारण सूज आली की त्या कापाव्या लागतात. मग पेस्ट धुऊन हात नळाच्या धारेखाली. "किती वेळ?" वीस मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, तूप नाही. फोड फोडायचे नाहीत. मग स्वच्छ ओलसर कापड सैल गुंडाळून दवाखाना. भाजणं मोठं असेल, चेहऱ्यावर असेल किंवा लहान मूल असेल तर घरी वेळ न घालवता १०८ ला फोन.

दुपारी २

केंद्रावर डबे उघडले. चिवडा प्रत्येकाच्या घरचा वेगळा. बायकोचा फोन.

"अहो, बाहेरच्या माळा लावल्या की आतले दिवे जातायत. भाऊजी म्हणतात मोठा एमसीबी टाकून देतो."

"अगं, त्याला हात लावू देऊ नकोस. कुठल्या बोर्डावर काय काय लावलंय?"

हॉलमधल्या एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर दोन माळा, आकाशकंदील आणि इस्त्री. एलईडी माळेचा भार फारसा नसतो, इस्त्रीचा असतो. एमसीबी पडतो तो वायर तापण्याआधी वीज तोडण्यासाठी. त्याच्या जागी मोठा टाकला की तो पडत नाही आणि तापते ती भिंतीतली वायर. इस्त्री वेगळ्या सॉकेटवर लावायला सांगितली. दिवे राहिले. माळा तरीही तपासायच्या. जिथे वायरी नुसत्या पिळून चिकटपट्टी लावलीय ती माळ बाद. कागदी कंदिलात पिवळा बल्ब नको, तो तापतो, एलईडीच हवा. गॅलरीच्या लोखंडी कठड्यावरून वायर नेताना ती सोललेली नाही ना हे पाहायचं, कारण हल्ली दिवाळीतही पाऊस येतो. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर तिचं 'टेस्ट' बटण दाबून ती पडते का ते आजच बघायचं. शॉक लागताना माणसाला वाचवते ती हीच. आणि झोपताना सगळ्या माळा बंद.

दुपारी ४

वर्दी: बंद फ्लॅटमधून गॅसचा वास. घरचे सकाळीच गावाला गेलेत. आम्ही पोहोचलो तेव्हा शेजारचे गृहस्थ घंटीच्या बटणाकडे हात नेत होते. घरात खरंच कुणी नाही ना, याची त्यांना खात्री करायची होती. तिथेच थांबवलं. गॅस साचलेल्या घरात घंटीची ठिणगीसुद्धा पुरते. तीच गोष्ट दिव्याच्या बटणाची आणि एक्झॉस्ट फॅनची. असलेलं चालू राहू द्या, बंद असलेलं बंद.

सुदैवाने समोरच्या काकूंकडे किल्ली होती. दार हळूच उघडलं, खिडक्या उघडल्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो फरशीलगत पसरतो, पलंगाखाली आणि कोपऱ्यांत साचतो. म्हणून वरची झडप उघडून भागत नाही, दार आणि गॅलरी उघडून तो खालून जाऊ द्यावा लागतो. मुळात या गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. तो वास आला की रेग्युलेटर बंद, सिलिंडरला सेफ्टी कॅप आणि १९०६ ला फोन.

इथे रेग्युलेटर चालू राहिला होता आणि शेगडीकडची नळी चिरली होती. नळीवर तिची मुदत छापलेली असते, ही केव्हाच उलटून गेलेली. नळी पाच वर्षांनी बदलायची, आणि सिलिंडर घेताना गळ्याकडच्या पट्टीवरचं अक्षर आणि साल वाचायचं. इंग्रजी ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. ती तपासणीची मुदत उलटलेलं सिलिंडर परत करायचं.

गावाला जाताना म्हणून एवढं करावं. रेग्युलेटर बंद, देवापुढचा दिवा विझवलेला, गॅलरीतले वाळत घातलेले कपडे आत, खिडक्या लावलेल्या, किल्ली शेजारी. पेपर आणि दूध थांबवायचं, कारण दारात साचलेले पेपर चोरालाही वाचता येतात. आणि 'निघालो गावाला' हे स्टेटस परत आल्यावर टाकलं तरी नातेवाइकांना आनंदच होतो.

संध्याकाळी ६.३०

घरोघरी पूजेची वेळ. आमच्यासाठी वादळाआधीचा तास. मी जवानांना उभं करून वर्दीचे नियम पुन्हा सांगतो. नवा जवान विचारतो, "पूजेने कुठे आग लागते का?" लागते. लक्ष्मी घरात यावी म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवतात, वारा आत येतो आणि पडदा समईवर जातो. पूजेत लक्ष्मी म्हणून मांडलेली केरसुणी वाळलेलीच असते. जुन्या वाड्यांत तेलाच्या लोभाने उंदीर पेटती वात ओढून नेतो. पणत्यांच्या रांगेवरून पोरी नवे घेरदार फ्रॉक घालून उड्या मारतात.

पडद्यांना गाठ मारून ते वर घ्यावेत. समई परातीत ठेवावी, परातीत थोडं पाणी. फटाके उडवायला जाताना सुती कपडे आणि बंद पायताण, पदर-ओढणी खोचून. कुणाच्या कपड्यांनी पेट घेतला तर त्याने पळायचं नाही. जमिनीवर आडवं होऊन, चेहरा हातांनी झाकून लोळायचं. शेजारच्यांनी सतरंजी किंवा जाड चादर टाकायची.

खरा धोका मात्र पूजा आटोपल्यावर. आठ वाजता सगळं घर खाली फटाके उडवायला जातं आणि वर समई एकटी जळत राहते.

रात्री ८

फटाक्यांसाठी दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवून दिली. बाहेर त्याच्या आधीपासूनच धडाका सुरू आहे. नियंत्रण कक्षाकडून वर्द्या एकामागून एक. मोकळ्या जागेतला कचरा. नारळाच्या झाडावर रॉकेट अडकून वाळलेल्या झावळ्या पेटल्या. झाड उंच, खाली चार मोटारी, पेटत्या झावळ्या टपावर पडायला लागलेल्या. वाळकी झावळी दिवाळीआधी उतरवून घेतली असती तर रॉकेट नुसतं अडकून विझलं असतं.

१०१ किंवा ११२ ला फोन करणारा माणूस बहुतेकदा "लवकर या, आग लागलीय" म्हणून फोन ठेवतो. पत्ता सांगा, जवळची खूण सांगा, कितवा मजला, काय पेटलंय, आत कुणी आहे का. समोरचा 'ठीक आहे' म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. मग एकाने गल्लीच्या तोंडाशी येऊन उभं राहायचं. दुसऱ्याने वाटेतल्या दुचाकी हलवायच्या. व्हिडिओ काढायला तिसरा कुणीतरी असतोच.

रात्री ९.२०

चौथा मजला, गॅलरी. खालूनच सगळं दिसत होतं. रॉकेट कबुतरांच्या जाळीत अडकलं. नायलॉनची जाळी वितळून पेटते थेंब खाली सांडू लागले, आणि खाली होतं साफसफाईत निघालेलं सगळं: गादी, ऑनलाइन खरेदीची खोकी, चपलांचा रॅक, त्याखाली प्लास्टिकची हिरवळ. ज्वाळा पाचव्या मजल्याच्या कठड्याला चाटत होत्या.

लिफ्ट घेतली नाही. आगीत वीज गेली तर लिफ्ट मधेच अडकते. दोघे बी.ए. सेट चढवून जिन्याने, मागून होज ओढत. या जिन्यात सामान नव्हतं, म्हणून होज कुठे अडकला नाही. दारात आजी उभ्या, नऊवारी, हातात पूजेतली चांदीची लक्ष्मी. घरचे खाली फटाके उडवत होते, आजी एकट्याच वर. त्यांना काच तडकल्याचा आवाज आला. त्यांनी गॅलरीचं सरकतं दार ओढून लावलं, हॉलचं दार लावलं, बाहेर आल्या आणि मुख्य दारही ओढून घेतलं, कडी न लावता. सामान घ्यायला आत वळल्या नाहीत. लक्ष्मी वाटेतच होती म्हणून उचलली.

आत गेलो तेव्हा गॅलरीच्या काचेला तडे गेले होते, पण ती जागेवर होती. हॉलमध्ये डोळे चुरचुरतील एवढाच धूर. बंद दाराने आगीला आतली हवा मिळू दिली नाही आणि आम्हाला चार-पाच मिनिटं मिळवून दिली. दार उघडं राहिलं असतं तर पडदे, सोफा, छताची पीओपी, सगळं एका दमात गेलं असतं. पाणी मारलं, गादी उलटून तिच्या आतला कापूस भिजवला, एसीचं बाहेरचं युनिट थंड केलं. गादी वरून विझते आणि आत तासन्‌तास धुमसत राहते, म्हणून कूलिंग पूर्ण झाल्याशिवाय निघायचं नाही.

खाली सूनबाई रडत होत्या. सासूबाईच त्यांना समजावत होत्या, "अगं, गादी तशीही भंगारातच द्यायची होती."

रात्री ११

आता आगी कमी, जखमी जास्त. न उडालेले फटाके गोळा करून त्यातली दारू काढायचा उद्योग पोरं याच वेळी करतात. फुसका फटाका वाकून बघायचा नसतो. जागेवरच लांबून बादलीभर पाणी ओतायचं आणि सकाळपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. भुईनळ्याला सगळे निरुपद्रवी समजतात आणि तो वाकून, चेहरा पुढे करून पेटवतात. भुईनळा फुटला तर आधी डोळ्यात जातो. लांब उदबत्ती घ्यायची, अंग बाजूला ठेवायचं. डोळ्याला लागलंच तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, घरचं मलम घालायचं नाही. थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. उरलेले फटाके घरात आणताना देवघराशेजारी नकोत, गॅसजवळ नकोत आणि गॅलरीत तर मुळीच नकोत.

रात्री १

केंद्रावर परत. ओले होज धुऊन टांगले, कोरडे गाडीत भरले, टाकी भरली, बी.ए. सेटची सिलिंडरं बदलली. हे झाल्याशिवाय चहा नाही.

मग नोंदवही. वर्दीची वेळ, पोहोचल्याची वेळ, ठिकाण, नुकसान आणि आगीचं कारण. चौथ्या मजल्यापुढे कारण लिहायचं 'फटाका'. नियमाने तेच बरोबर आहे, ठिणगी फटाक्याचीच होती. पण त्याच इमारतीच्या बाकीच्या गॅलऱ्यांतही आज ठिणग्या पडल्या असणार. तिथे नुसती फरशी होती आणि एखादी तुळशीची कुंडी, म्हणून त्यांची वर्दी आली नाही. रॉकेट कुठे जाईल हे कुणाच्याच हातात नाही. गॅलरीत काय ठेवायचं हे मात्र घरातल्या माणसांच्या हातात असतं, आणि आमची गाडी तिथे पोहोचते ती नेहमी त्यानंतरच.

सकाळी पाडवा. ओवाळणीआधी तासभर मोकळा मिळाला तर गॅलरीतली खोकी खाली न्या आणि भंगारवाल्याला आजच बोलवा. फटाके अजून दोन रात्री उडणार आहेत.